स्वगुणकथन आणि नोकरीचा अर्ज

पूर्वीं नोकरीच्या अर्जांत मनुष्यास आपलें नांव, गांव, वय, शिक्षण व अनुभव एवढेंच लिहावें लागे. तो लायक आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम अर्ज घेणाराचें असे. संगणकावर भरावयाच्या ऑनलाईन अर्जांनीं ही वांटणी बदलून टाकिली आहे. तेथें अर्जदारापुढें वीस-तीस वाक्यें एकामागून एक येतात आणि प्रत्येक वाक्याखालीं पांच उत्तरें मांडलेलीं असतात. अमुक काम आपणांस कितपत येतें, हें त्यांतून ज्याचें त्यानें निवडावयाचें. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक, आणि गुणपत्रिकाही त्यानेंच भरावयाची! आमच्या उभ्या मास्तरकींत असा पेपर आम्हीं कधीं काढला नाहीं; काढला असता तर आमच्या वर्गांत नापास कोणीच झालें नसतें, दोन-तीन भिडस्त मुलें मात्र निश्चित झालीं असतीं.

हा विषय या महिन्यांत घेण्याचें कारण एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांची नात अमेरिकेंत जन्मलेली, तेथील नागरिक. मेरीलंड राज्यांत एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेंत जिल्ह्याच्या, आरोग्य कचेरींत दोन वर्षें काम करीत आहे. तिनें मध्यवर्ती सरकारच्या एका खात्यांत वरच्या जागेसाठीं अर्ज केला. सर्व प्रश्नांस तिनें मधलें, बेताचें उत्तर दिलें, आणि "आपण सर्वांत योग्य उमेदवारांच्या वर्गांत नाहीं" असा निरोप तिला आला. तिच्याबरोबर शिकलेल्या एका मुलानें त्याच जागेसाठीं सगळीकडे "तज्ज्ञ" असें ठोकून दिलें व त्यास मुलाखतीचें बोलावणें आलें. नातीनें आजीस फोनवर विचारलें, "आजी, स्वतःची टिमकी वाजवूं नये असं तूं मला लहानपणापासून सांगत आलीस. आतां सरकारच विचारतं कीं तूं तज्ज्ञ आहेस का. मग तूं शिकवलंस तें चुकीचं होतं का?" आमच्या भगिनी लिहितात, "मला त्या क्षणीं उत्तर सुचलें नाहीं. तें आपण द्यावें."

उत्तर देण्यापूर्वीं ही रीत तेथें कशी आली, तें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत सरकारी नोकऱ्या एके काळीं पक्षाच्या ओळखीनें वांटल्या जात. १८८१ सालीं नोकरी न मिळाल्यानें चिडलेल्या एका मनुष्यानें अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडिली व त्या जखमेनें ते कांहीं आठवड्यांनीं वारले. त्या क्षोभांतून १८८३ चा पेंडल्टन कायदा झाला आणि नोकरीस परीक्षेची कसोटी आली. पुढें १९७४ पासून पदवीधरांसाठीं एक मोठी लेखी परीक्षा घेतली जाऊं लागली. पण तींत कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक उमेदवार फारच कमी प्रमाणांत उत्तीर्ण होतात, असा दावा १९७९ सालीं न्यायालयांत गेला. १९८१ सालीं तडजोड झाली व ती परीक्षा बंद पडली. परीक्षा गेल्यावर माणूस निवडावयाचा कसा? मग उमेदवारानें आपलें ज्ञान, कौशल्य व क्षमता यांवर लांबलचक निबंध लिहावे, अशी पद्धत बोकाळली. निबंध लिहून देणारे धंदेवाईकही निघाले, यांत नवल नाहीं. २०१० च्या मे महिन्यांत अध्यक्ष ओबामा यांनीं अर्जाच्या पहिल्या पायरीवरील निबंध बंद करविले. स्वमूल्यमापनाची प्रश्नावली तत्पूर्वींही होतीच. निबंध गेल्यावर पुष्कळ ठिकाणीं मुख्य भिस्त तिच्यावर आली. परीक्षा अन्यायाची ठरली, निबंध कंटाळवाणे ठरले, म्हणून ज्याचें त्यालाच विचारूं लागले. असा हा सारा इतिहास आहे.

प्रश्नावलीची रचना बहुधा अशी असते. प्रथम एक काम सांगितलेलें असतें. उदाहरणार्थ, आरोग्यविषयक आंकडे गोळा करून तपासणें व त्यांचे तक्ते तयार करणें. खालीं पांच पायऱ्या. पहिली: या कामाचें शिक्षण नाहीं व अनुभवही नाहीं. दुसरी: शिक्षण झालें आहे, पण नोकरींत तें काम अद्याप केलेलें नाहीं. तिसरी: नोकरींत केलें आहे, परंतु वरिष्ठांच्या बारीक देखरेखीखालीं. चवथी: नेहमींच्या कामाचा भाग म्हणून, स्वतंत्रपणें, आणि सामान्यतः कोणी तपासल्यावांचून केलें आहे. पांचवी: या कामांत आपणांस तज्ज्ञ समजलें जातें, आपण इतरांच्या अशा कामावर देखरेख केली आहे, किंवा काम अडलें कीं सहकारी सामान्यतः आपणांसच विचारावयास येतात. प्रत्येक पायरीस गुण ठरलेले असतात. त्यांवरून उमेदवारांचे अत्युत्तम, उत्तम व पात्र असे वर्ग पाडितात. पहिला वर्ग भरला, कीं खालच्या वर्गांतील मनुष्याचा कागद खातेप्रमुखाच्या टेबलापर्यंत सहसा जातच नाहीं.

आतां या मुलीचा कागद पाहा. आंकड्यांच्या तक्त्यांसमोर तिनें तिसरी पायरी लिहिली. कां? तर तिचे वरिष्ठ शेवटीं सही करितात, म्हणून! सही करणें म्हणजे बारीक देखरेख नव्हे. तक्ते ती एकटी करिते, महिन्याच्या महिन्यास करिते, आणि त्यांत कोणी हात घालीत नाहीं, असें आजीच्याच पत्रांत आहे. तेव्हां चवथी पायरी हें तिच्या बाबतींत वस्तुस्थितीचें कथन झालें असतें. इतकेंच नव्हे. गेल्या वर्षीं कचेरींत दोन नवीं माणसें आलीं. तीं अडलीं म्हणजे हिलाच विचारितात, असेंही आजी मोठ्या कौतुकानें लिहितात. मग पांचव्या पायरीचें वाक्य पुन्हां वाचावें. त्यांत "तज्ज्ञ" हा शब्द पुढें आहे खरा, पण त्याची व्याख्या लागलीच मागें जोडलेली आहे, आणि ती व्याख्या या एका कामापुरती या मुलीस अक्षरशः लागू पडते. आपल्याकडील मुलें त्या एका शब्दास बिचकतात व पुढचें वाक्य वाचीतच नाहींत. तज्ज्ञ म्हटलें कीं त्यांच्या डोळ्यांसमोर काशीचा शास्त्री किंवा ऑक्सफर्डचा प्रोफेसर उभा राहतो. अर्जास तितका थोर मनुष्य नको आहे. शेजारच्या टेबलावरचा मनुष्य कोणास विचारितो, एवढेंच त्यास कळून घ्यावयाचें आहे.

उलट, दुसऱ्या एका प्रश्नास, म्हणजे सांथीच्या वेळीं प्रत्यक्ष वस्तींत जाऊन तपास करण्याच्या कामास, तिनें तिसरीच पायरी लिहिली होती. आणि तें काम तिनें एकदांच, वरिष्ठांबरोबर जाऊन केलेलें होतें. तेथें तिसरी पायरी बरोबर होती. एकाच कागदांत एक उत्तर खरें व एक उणें, आणि दोन्ही लिहितांना तिची समजूत एकच कीं आपण विनयानें वागत आहों. आमच्या मतें घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

विनयाची शिकवण चुकीची काय, हा नातीचा प्रश्न आहे. आत्मश्लाघेचा निषेध आमच्या ग्रंथांत किती कडक आहे, हें महाभारताच्या कर्णपर्वांत दिसतें. कर्णाच्या बाणांनीं जर्जर झालेला युधिष्ठिर अर्जुनास टाकून बोलतो, गांडीव दुसऱ्यास दे म्हणतो. तसें म्हणणाराचा शिरच्छेद करण्याची अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा! श्रीकृष्ण त्यास युक्ति सांगतात कीं वडील मनुष्यास एकेरी बोलून त्याचा उपमर्द केला, कीं तो त्याचा वधच झाला. अर्जुन तसें करितो आणि मग पश्चात्तापानें स्वतःच मरावयास निघतो. तेव्हां श्रीकृष्ण त्यास म्हणतात कीं आतां स्वतःच्या तोंडानें स्वतःचे गुण वर्णन कर, म्हणजे आत्मघात केल्यासारखेंच होईल. स्वस्तुति ती आत्महत्येच्या तोलाची! असल्या कथा ज्यांच्या घरांत तीन पिढ्या वाचल्या गेल्या, त्या घरच्या मुलीच्या हातून "मी तज्ज्ञ" हीं अक्षरें सहजासहजीं उमटावीं कशीं?

परंतु त्याच परंपरेंत दुसराही एक प्रसंग आहे, आणि तो आमच्या घरांतून तितकाच वाचला जातो. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडांत सीतेच्या शोधास निघालेले वानर समुद्राच्या कांठीं येऊन थबकतात. शंभर योजनें उडी कोण मारील, असा अंगदाचा प्रश्न. मग एकेक वीर आपलें बळ सांगूं लागतो. गज म्हणतो दहा योजनें. गवाक्ष म्हणतो वीस. असें चढत चढत द्विविद सत्तर सांगतो, सुषेण ऐंशीं सांगतो. जांबवान् म्हातारा. तारुण्यांत आपण काय केलें, तेंही तो सांगतो, पण आजच्या हिशेबीं नव्वदांवर थांबतो. अंगद म्हणतो, शंभर योजनें जाईन खरा, पण परत येण्याविषयीं खात्री नाहीं. नोकरीच्या अर्जाची प्रश्नावली ती आणखी निराळी काय असते?

या सभेंत आत्मश्लाघेचा दोष कोणीही कोणास लावीत नाहीं. दहा सांगणारास कोणी हंसत नाहीं व ऐंशीं सांगणारास कोणी गर्विष्ठ म्हणत नाहीं. कारण समोर काम आहे आणि कामाचें माप ठरलेलें आहे. गजानें भिडेखातर पांच सांगितलें असतें, किंवा ईर्ष्येनें शंभर सांगितलें असतें, तर दोन्ही वेळां सीतेचा शोधच बुडाला असता. जांबवानाची तर आम्हांस फार मौज वाटते. पूर्वीं काय येत होतें व आज काय येतें, हे दोन जमाखर्च तो निरनिराळे ठेवितो. अनेक चाळिशी उलटलेल्या उमेदवारांस हें साधत नाहीं. आणि ज्याच्या अंगीं खरें सामर्थ्य, तो हनुमान् एकीकडे मुकाट्यानें बसून राहिलेला! त्यास जागें करावयास जांबवान् होता. संगणकाच्या अर्जांत जांबवान् नसतो. तेथें जो एकीकडे बसला, तो बसलाच.

कर्णपर्वांतील अर्जुनाचें बोलणें कोणत्याही कामासाठीं नव्हतें. नुसतें स्वतःस मोठें म्हणवून घेणें, हाच त्याचा हेतु ठरविलेला होता. समुद्रकांठचें बोलणें विचारल्यावरून, कामापुरतें व मोजून होतें. आजीनें शिकविलें तें पहिल्या प्रकाराविषयीं होतें व तें यत्किंचितही चुकलेलें नाहीं. अर्ज दुसऱ्या प्रकारचा आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं साक्षीदारावर जो निर्बंध घातला, तो येथें जशाच्या तसा लागतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सभेंत जाऊन न बोलणारा व विपरीत बोलणारा, हे दोघे एकाच दोषाचे धनी मानिले आहेत. या मुलीनें तक्त्यांसमोर तिसरी पायरी लिहिली, ती विनयाची खूण नसून उणी पडलेली साक्ष होती, असें आम्हीं आजींस कळविलें आहे. आमचें हें म्हणणें त्यांस थोडें बोंचलें असावें; परंतु त्यांनीं आमचें मत मागितलें होतें.

आतां सगळीकडे "तज्ज्ञ" लिहिणाऱ्या त्या मुलाविषयीं. बोलणाऱ्याचीं बोरेंही खपतात, ही म्हण आपल्याकडे कांहीं उगीच पडली नाहीं, आणि पहिल्या चाळणींतून तो पार झाला, हें खरें आहे. पण त्याची वाट दिसते तितकी मोकळी नाहीं. तिकडे ज्यास रेझ्युमे म्हणतात, त्या बायोडेटाशीं कचेरींतील माणसें हीं उत्तरें ताडून पाहातात. आधार न सांपडल्यास वर्ग खालीं आणतात किंवा अर्जच बाद करितात. शिवाय जाणूनबुजून खोटें विधान करणें हा तेथें मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा असून त्यास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. स्वतःस एक पायरी चढवून घेणाऱ्या उमेदवारावर प्रत्यक्षांत कोणी खटला भरीत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि सहीच्या वर तें वाक्य छापलेलें असतां डोळे मिटून सही करावी, असें आम्ही तरी कोणास सांगणार नाहीं.

मोठी गोष्ट निराळीच आहे. आपल्या अज्ञानाचें माप अज्ञान्यास घेतां येत नाहीं, हें आम्हां मास्तरांस वर्गांत रोज दिसे. "समजलें का?" असें विचारावें, तर सारा वर्ग एका स्वरांत "हो!" म्हणे. म्हणून आम्ही तें कधीं विचारीत नसूं. दुह् धातूचें लङ् प्रथमपुरुषी एकवचन सांग, म्हणत असूं. ज्याच्या तोंडून "अधोक्" निघे, त्यास समजलेलें असे. तो बहुधा मघांशीं "हो" न म्हणणाऱ्यांपैकीं निघे, ही त्यांतली गंमत. हीच गोष्ट कॉर्नेल विद्यापीठांतील क्रूगर व डनिंग या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केली. विनोदाची पारख, तर्क व व्याकरण यांच्या परीक्षा घेऊन विद्यार्थ्यांस त्यांनीं स्वतःचा क्रम अंदाजानें सांगावयास लाविलें. तळच्या चतुर्थांशांतील मंडळी प्रत्यक्षांत शंभरांत १२ जणांच्याच वर होती. स्वतःस मात्र ती ६२ जणांच्या वर समजत होती. अग्रभागीं असलेले उलट आपला क्रम कमी सांगत, कारण आपणांस जें सोपें जातें, तें सर्वांसच जात असेल, अशी त्यांची समजूत. या प्रयोगाच्या गणितावर मागाहून वाद झालेले आहेत. पण वर्गांत उभा राहिलेला कोणताही शिक्षक त्याच्या साधारण रोखाविषयीं हुज्जत घालणार नाहीं. त्याच्याही आधीं, १९८४ सालीं, नोकरीच्या उमेदवारांवर याहून खट्याळ प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कामांच्या यादींत कांहीं अस्तित्वांतच नसलेलीं, केवळ भारदस्त नांवांचीं कामें मिसळून दिलीं. आणि तींही आपण केलीं आहेत, असें पुष्कळ उमेदवारांनीं लिहून दिलें!

अशा चाळणींतून खालीं काय पडावें? ज्यानें त्यानें पांचवी पायरी लिहिली, म्हणजे वर्ग सारेच अत्युत्तम; आणि खातेप्रमुखानें मुलाखत घ्यावी, तों समोरच्या मनुष्यास कामाचा गंधही नसावा. तेथील सरकारच्या हें ध्यानांत आलें आहे. २०१९ सालीं तेथील आरोग्य खात्यानें व राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें उमेदवारांची पारख त्या त्या विषयांतील जाणत्या माणसांकडून करविण्याचा प्रयोग केला. २०२० च्या जून महिन्यांत अध्यक्ष ट्रंप यांनीं हुकूम काढिला कीं केवळ उमेदवाराच्या स्वतःविषयींच्या मतावर विसंबूं नये. २०२४ च्या डिसेंबरांत अध्यक्ष बायडन यांच्या सहीनें त्याच अर्थाचा कायदा झाला. एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणारे दोन पक्ष ज्या गोष्टीवर एक झाले, ती गोष्ट किती निरुपयोगी झाली असेल! तथापि कायदा झाला म्हणून प्रत्येक खात्याचा अर्ज दुसऱ्या दिवशीं बदलत नाहीं. आणि खाजगी कंपन्यांच्या, आपल्याकडीलही कंपन्यांच्या, अर्जांत "१ ते ५ पैकीं स्वतःस किती गुण द्याल" हा प्रश्न सर्रास असतो. तेव्हां मुलांस तो सोडविण्यास शिकविणें भागच आहे.

आम्हीं नातीस कळविलेली रीत साधी आहे. प्रश्नावली उघडण्यापूर्वीं एका कागदावर गेल्या दोन वर्षांतील कामें लिहून काढावीं: काय केलें, किती वेळां केलें, कोणी तपासलें, आणि कोणास शिकविलें. हें लिहितांना विशेषण एकही नसावें. मग प्रत्येक प्रश्न घ्यावा, पायऱ्यांचीं वाक्यें शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचावीं, आणि कागदावरील नोंद ज्या सर्वांत वरच्या पायरीस पुरते, ती लिहावी. नोंद पुरत नसेल तेथें खालचीच लिहावी व मनांत खंत ठेवूं नये. "मी कशी आहें" हा प्रश्न या कामांत एकदांही मनाशीं विचारूं नये. अर्ज तो विचारीत नाहीं. भीड वाटलीच, तर दुसऱ्या मुलीचा कागद आपणांपुढें आला आहे असें समजून उत्तरें लिहावीं. स्वतःविषयीं अडखळणारीं मुलें दुसऱ्याविषयीं मोठा चोख न्याय करितात, हा आमचा अनुभव आहे.

घरांतील वडील मंडळींसही एक विनंति आहे. अर्ज भरणाऱ्या मुलामागें उभें राहून "असूं दे, जास्त लिहूं नकोस" किंवा "लिही लिही, सगळे लिहितात" असें सांगूं नये. पहिलें सहसा आजी सांगते व दुसरें काका सांगतात. जांबवानाचें काम करावयाचें असेल, तर मुलास प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीची आठवण द्यावी: "मार्चमध्यें तो तक्ता तूं एकटीनेंच केला होतास ना?" एवढी आठवण पुष्कळ झाली.

बायोडेटा मात्र त्या मुलीस नव्यानें लिहावा लागेल. पूर्वीं सरकारी अर्जास पांच-सहा पानांचा बायोडेटा जोडण्याचा प्रघात होता, आणि तिचाही तसाच आहे. परंतु २०२५ च्या मे महिन्यांत जाहीर झालेल्या योजनेनें तो दोन पानांत बसविण्याचें बंधन घातलें आहे. दर महिन्याचे तक्ते, दोघां नवख्यांस दिलेलें शिक्षण आणि तो एक वस्तींतील तपास, हें सारें पहिल्या पानावर येतें. शाळेंत मिळालेलें वक्तृत्वाचें बक्षीस गाळावें लागेल. तें पाठविलेल्या प्रतींत आजींनीं लाल शाईनें अधोरेखित केलेलें आहे, तरीही.